उंब्रज परिसरातील घररहाटी आणि मुलांचा वाटा

कऱ्हाड तालुक्यातील उंब्रज हे कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमाजवळचे, पुणे–बंगळूर महामार्गावरचे बाजाराचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर वाढलेल्या पिढीच्या आठवणी एकत्र ठेवून पाहिल्या, तर घरातील जवळजवळ प्रत्येक रिवाजात मुलांसाठी एक ठरलेले काम होते आणि ते काम मुले करीत म्हणूनच तो रिवाज चालत असे, ही गोष्ट ठळकपणे पुढे येते. लोकजीवनाविषयीच्या लेखनात मुलांकडे बहुधा संस्कार घेणारी म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात निरोप पोहोचवणारी, वाटी नेणारी, पत्र लिहिणारी आणि बैल धुणारी हीच मुले त्या व्यवस्थेची वाहक होती, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या कामांवरून घराची आणि गावाची सारी घडण वाचता येते.

कृष्णाकाठच्या शेतकरी घराची रचना साधारणपणे पुढे सोपा, म्हणजे पाहुण्यांची बसण्याची आणि रात्री पुरुषांची निजण्याची जागा, आत माजघर आणि चूल, मागे परडे आणि एका अंगाला गोठा अशी असे. सकाळी शेण भरणे, थापलेल्या शेणी वाळल्यावर रचून ठेवणे, शाळेआधी वैरण टाकणे ही कामे वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून अंगावर पडत आणि त्यांचे कौतुक कोणी करीत नसे, कारण ती गृहीत धरलेली होती. दिवेलागणीला मात्र मुले एका ओळीत बसत, देवापुढे शुभंकरोती होई आणि त्यापाठोपाठ पाढे, महिने, नक्षत्रे मोठ्याने म्हटली जात. आयर्लंडमधील कॅथलिक घरांत रात्री सारे कुटुंब गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना म्हणत असे, तिच्याशी या रिवाजाचे नाते जवळचे आहे, कारण दोन्ही ठिकाणी दिवसभर विखुरलेले घर त्या एका वेळी एकत्र येत असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाल्यावर या भागातील अनेक कुटुंबे अंगणात आणि रानात खोपी करून राहिली, आणि त्या काळातील मुलांना धक्क्यांच्या भीतीइतकीच उघड्यावर लावलेल्या दिव्याभोवतीची ती प्रार्थनाही आठवते.

मुलांच्या कामांत सर्वांत जबाबदारीचे काम आवतणाचे होते. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात पितरांसाठी घातले जाणारे जेवण, ज्याला या भागात म्हाळ म्हणतात, त्याला भावकीतील, म्हणजे एकाच मूळपुरुषापासून झालेल्या घरांतील, माणसे बोलवावी लागत आणि ते बोलावणे घरोघर जाऊन तोंडी देण्याचे काम नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडे असे. आवतण ‘घरटी एक माणूस’ आहे की ‘चूलबंद’, म्हणजे त्या घरात त्या वेळी चूल पेटू नये इतक्या सगळ्यांना आहे, हे त्याने अचूक सांगायचे असे. कोणत्या घरातल्या कर्त्याला आबा म्हणायचे आणि कोणाला तात्या, कोणती बाई नात्याने आजी लागते आणि वयाने तरुण असूनही कोणती काकी लागते, हे ठाऊक असल्याशिवाय ते काम होणे शक्य नव्हते. एखादे घर चुकून वगळले गेले तर वर्षानुवर्षे अबोला धरला जाई, आणि अबोला मुद्दाम धरलेला असेल तर त्या दारावरून न थांबता कसे जायचे हेही मुलाला आधीच समजावलेले असे. वंशावळ म्हणून अभ्यासक जी आकृती कागदावर काढतात ती येथील मुलांना गल्लीतून चालता चालता पाठ होत असे.

याच गल्ल्यांतून वानवळाही जात असे. रानातल्या पहिल्या शेंगा, गुऱ्हाळावरची काकवी, व्यालेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस असे जे काही नवे घरात येई त्यातला वाटा शेजारी आणि भावकीत पाठवणे म्हणजे वानवळा, आणि वाटी रिकामी परत येऊ नये हा त्याचा नियम. मात्र या देवघेवीला सीमा होत्या आणि त्या सीमाही मुलांनाच पाळायला लावल्या जात. कोणत्या घरी थेट चुलीपाशी जायचे, कोणाच्या उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतील माणसाला भाकरी देताना ती वरून कशी टाकायची, हे मुलांच्या हातांना वळण लावून शिकवले गेले. त्या वस्तीतील मुलांना याच गोष्टी दुसऱ्या बाजूने, अपमान म्हणून, शिकाव्या लागल्या. गावपणाच्या आठवणी लिहिताना हा भाग गाळणे हा त्या मुलांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरतो, असे येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

या परिसरातील बालपणावर सर्वांत खोल परिणाम मुंबईने केला. कऱ्हाड, पाटण आणि जावळी तालुक्यांतील असंख्य घरांतील कर्ते पुरुष गिरणगावात किंवा गोदी-बाजारपेठांत ओझी वाहण्याच्या कामावर असत, एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवून उरलेला पैसा मनीऑर्डरने गावी धाडत. पाटण तालुक्यातून गेलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी ज्यांना संघटित केले आणि ज्यांच्यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, ते माथाडी कामगार बहुतांशी याच डोंगरपट्ट्यातले. त्यामुळे घर चालवणारी आजी किंवा आई, आणि शाळेत जाणारे मूल हा घराचा लेखनिक, अशी वाटणी आपोआप झाली. आजी चुलीपुढे बसून सांगे आणि मूल पोस्टकार्डावर ‘तीर्थरूप’पासून आरंभ करून इकडील मंडळींची खुशाली, पावसाचे मान, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, गाय गाभण राहिल्याची बातमी आणि कोणाच्या सोयरिकीची बोलणी असे सारे उतरवून घेई. सांगितलेले सगळे कार्डावर मावत नसे, शिवाय कार्ड उघडे असल्यामुळे काही गोष्टी लिहायच्याही नसत. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय अनेकदा त्या मुलालाच घ्यावा लागे. आलेले उत्तर मोठ्याने वाचून दाखवण्याचे कामही त्याचेच होते, आणि वडिलांच्या आजारपणाची किंवा सुटलेल्या कामाची बातमी घरात सर्वांत आधी त्यालाच कळत असे. इतक्या लहान वयात हा भार पेलणाऱ्या मुलांविषयी अभ्यासकांनी आजवर फार थोडे लिहिले आहे.

आयर्लंडचे उदाहरण या संदर्भात उपयोगी पडते. १८४५ नंतरच्या महादुष्काळापासून तेथील घराघरांतून माणसे अमेरिकेला गेली आणि तिकडून येणारे पैशाचे पत्र हा मागे राहिलेल्या कुटुंबाचा आधार झाला. पण त्या देशाने आपल्या मुलांच्या लेखणीचा आणखी एक उपयोग करून घेतला. आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना आपल्या आजीआजोबांना आणि शेजाऱ्यांना विचारून गावातील विहिरी, सण, औषधे, खेळ, भाकरीचे प्रकार यांची माहिती वहीत लिहून आणायला सांगितले, आणि त्या वह्या आज तेथील राष्ट्रीय ठेवा मानल्या जातात. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून बायकांच्या ओव्या, उखाणे आणि सणांचे रिवाज मोठ्या निष्ठेने गोळा केले, आणि त्यांच्या या कामाचे ऋण फेडता येण्यासारखे नाही. तरीही शाळकरी मुलांच्या हाती असा सर्वव्यापी उपक्रम येथे सोपवला गेला नाही, आणि ज्या मुलांनी आजीची हजारो पत्रे लिहिली त्यांच्याकडून तिची एकही गोष्ट लिहून घेतली गेली नाही, ही खरोखर हळहळ वाटावी अशी उणीव आहे.

शेतीच्या कामात पैरा, म्हणजे दोन शेतकऱ्यांनी एकमेकांचे बैल आणि हात आळीपाळीने वापरण्याचा करार, चालत असे. आयर्लंडमध्ये गवत कापण्यासाठी शेजारी एकत्र जमण्याची ‘मेहल’ नावाची पद्धत याच गरजेतून आली होती. पैऱ्यामुळे मुलांची दुसऱ्या घरच्या बैलांशीही ओळख होई आणि तिचा कळस बेंदराला दिसे. बेंदूर हा या भागातील बैलांचा सण. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होई, म्हणजे वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा तेल चोळले जाई. दुसऱ्या दिवशी मुले बैलांना नदीवर नेऊन घासूनपुसून धूत, शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावत, शिंगांत कडबोळी अडकवत. संध्याकाळी वेशीवर बांधलेली ‘कर’ नावाची दोरी बैलाने तोडायची असे. पुरणपोळीचा घास बैलाच्या तोंडात गेल्याशिवाय घरात कोणी ताटावर बसत नसे, आणि ज्यांच्या घरी बैल नव्हता त्यांची मुले कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या बैलांची तितक्याच निगुतीने पूजा करीत.

मुलींचे वर्ष वेगळ्या क्रमाने चाले. नागपंचमीचा झोका, गौरीच्या रात्रीचे झिम्मा-फुगडी आणि हस्त नक्षत्र लागल्यावर हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून खेळायचा हादगा, ज्यात झाकून आणलेली खिरापत इतरांनी ओळखायची असे, हे खेळ त्यांना घराबाहेर मोकळेपणाने वावरण्याची मिळालेली थोडीशी संधी होते. एरवी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरण्यात त्यांचा दिवस जाई आणि शाळाही अनेकींची त्यातच सुटे. दिवाळीत किल्ला बांधण्याचा मान भावाचा आणि त्यासाठी माती कालवण्याचे काम बहिणीचे, हेही त्याच वाटणीचे एक रूप होते.

समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे, आणि चाफळहून समर्थ येथे कृष्णास्नानाला येत असत ही कथा गावातील मुले शनिवारी मारुतीला तेल घालायला जाताना ऐकत. तथापि मुलांच्या वर्षाचा खरा मध्यबिंदू तारळीकाठच्या पालीची यात्रा हा होता, जिथे पौष महिन्यात खंडोबा आणि म्हाळसेचे लग्न लागते आणि भंडाऱ्याच्या उधळणीने नदीचे वाळवंट पिवळे होते. मुंबईहून माणसे यायची ती बहुधा याच सुमारास, त्यामुळे देवाचे लग्न आणि वडिलांचे येणे या दोन गोष्टी अनेकांच्या आठवणीत एकच होऊन बसल्या आहेत.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपानंतर पत्रांचा तो ओघ आटला, ट्रॅक्टर आल्यावर पैरा मोडला आणि आवतण मोबाइलवरून जाऊ लागले. माथाडींची कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली भागांत स्थिरावली असली तरी पालीच्या यात्रेला ती आजही येतात, आणि वडीलधारे एखाद्या घरी फोनवरचे बोलावणे पुरेसे मानत नाहीत तेव्हा शहरात वाढलेल्या नातवंडालाच आवतण घेऊन धाडले जाते. घरे त्याच्या ओळखीची नसतात, म्हणून गावातील चुलतभाऊ बरोबर दिला जातो आणि तो प्रत्येक दारापुढे थांबून आत कोणाला काय म्हणायचे ते त्याला सांगतो.