चित्रातले धागे

एकच चित्रपट दोन प्रकारच्या तबकड्यांवर मिळतो. एक साधी, म्हणजे डीव्हीडी. दुसरी अधिक स्पष्ट चित्राची, म्हणजे ब्लू-रे. पहिली स्वस्त, दुसरी महाग. मग दुसरीवरचे चित्र डोळ्यांना जाणवेल इतके सरस असते काय? प्रश्न साधा, पण त्यावर माणसे हिरिरीने वाद घालतात. एक पक्ष म्हणतो, जमीन-अस्मानाचा फरक! दुसरा म्हणतो, छे, सगळा विकणाऱ्यांचा बनाव.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, हे वरातीमागून घोडे कशाला? अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठवण्याचा आपला मूळ धंदा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला, आणि इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीतली सीडी लायब्ररी तर त्याच्या कितीतरी आधी बंद पडली. तिच्या मालकांनी माळ्यावरचा माल मोडीत काढला, तेव्हा शिकवणीच्या पैशातून मी एक जुना ब्लू-रे प्लेअर आणि ‘जोधा अकबर’च्या दोन्ही तबकड्या घेतल्या. “फरक-बिरक काही नाही, आणि तुमच्या घरात तो बघणार तरी कोण?” असे ते हसत म्हणाले. त्यातला दुसरा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला.

आधी हिशेब मांडते. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरचे चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपक्यांचे असते. ब्लू-रेवर तेच १९२० आणि १०८० चे होते. गुणाकार करून पाहा: ४ लाख १४ हजार ७२० ठिपके आणि २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. बरोबर पाचपट! ही जादू प्रकाशाची आहे. डीव्हीडी वाचणारा किरण तांबडा, ६५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. ब्लू-रेचा निळा-जांभळा, ४०५ चा. लहर आखूड तेवढे टोक बारीक. बारीक सुईने जसे टाके जवळजवळ घालता येतात, तशी तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती बसते. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, ब्लू-रेच्या एका थरात २५. २००६ साली ही तबकडी बाजारात आली. एचडी डीव्हीडी नावाचा तिचा प्रतिस्पर्धी होता. तो तोशिबा कंपनीने १९ फेब्रुवारी २००८ रोजी मागे घेतला. त्याच्या चारच दिवस आधी आशुतोष गोवारीकरांचा ‘जोधा अकबर’ चित्रपटगृहांत लागला होता.

पण ठिपके पाचपट झाले म्हणून चित्र पाचपट चांगले दिसते असे नाही. मध्ये आपला डोळा आहे. एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनात असलेल्या दोन रेषा निरोगी डोळ्यालाही वेगळ्या दिसत नाहीत. आमचा टीव्ही हप्त्याने घेतलेला, ३२ इंची. त्याचा पडदा सुमारे ४० सेंटिमीटर उंच. हिशेब केला तर असे निघते, की आठ फुटांच्या पलीकडे बसणाऱ्याला साधी तबकडी आणि महाग तबकडी जवळपास सारखीच. आठ फुटांच्या आत फरक दिसू लागतो आणि चार फुटांवर पुरता दिसतो. आता गंमत पाहा! ज्यांचा दिवाणखाना ऐसपैस, त्यांनी फरक पाहायचा तर टीव्हीही तेवढाच मोठा आणावा लागतो. आमची खोली दहा बाय बारा. कपाट, शेगडी आणि अंथरुणे जाऊन टीव्हीपासून पाच फुटांवरच बसावे लागते. गरिबीने आम्हांला अगदी योग्य जागी बसवले आहे!

आमचे आबा यंत्रमागावर आहेत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या गावाच्या कानात तोच खडखडाट आहे. आबांच्या कानात तो तीस वर्षे आहे, आणि आता त्यांना कमी ऐकू येते. मागांच्या खात्यात शेजारी उभा असलेला माणूसही ओरडून ऐकू येत नाही. तिथे माणसे ओठ आणि हात पाहून बोलतात. घरीही आबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहतात. नवख्या पाहुण्याला ते अवघडल्यासारखे होते.

मी आधी साधी तबकडी लावली. चित्रपट १५५६ च्या पानिपतच्या लढाईने सुरू होतो. सैन्य, हत्ती, धूळ. आबा पाहत होते. पुढे दरबाराची दृश्ये आली आणि दर थोड्या वेळाने त्यांचे सुरू झाले, “काय म्हणतोय त्यो?” आई सांगत होती, सांगता सांगता तिचाही धागा तुटत होता. दुसऱ्या रविवारी ब्लू-रे लावली. कुठली कोणती हे मी कोणाला सांगितले नव्हते. लढाई सरते न सरते तोच आबा म्हणाले, “पोरी, ह्याचं पीक जास्त हाय. परवाचं कापड इरळ हुतं.”

पीक म्हणजे शेतातले नव्हे. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, त्याला आमच्याकडे पीक म्हणतात. मजुरीचा हिशेबही पिकावर चालतो. ठिपक्यांची मोजणी मला गुणाकाराने कळली. आबांना ती एका नजरेत कळली, कारण तीस वर्षे त्यांनी दुसरे काही पाहिलेले नाही.

मग मी दोन्ही तबकड्या आलटून पालटून लावल्या आणि फरक कुठे आहे ते शोधले. चेहरा पडदाभर असतो तेव्हा तो फारसा जाणवत नाही. ठिपके थोडे असले तरी नाक-डोळ्यांना पुरतात. फरक आहे तो लांबच्या दृश्यांत. दरबारात दहा माणसे उभी असली, की साध्या तबकडीवर प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर ठिपके येतात. उरलेली जागा टीव्ही आपल्या अंदाजाने भरून काढतो. ते रफू असते, मूळ कापड नव्हे. त्या रफूत जरीची वेलबुट्टी विरघळते, आणि माणसांचे ओठही. ब्लू-रेवर ते ओठ हलताना दिसतात. त्या रविवारी आबांनी “काय म्हणतोय?” असे फार थोड्या वेळा विचारले. आईने साडेतीन तासांचा चित्रपट जवळजवळ सलग पाहिला.

अर्थात, सगळा गुण तबकडीचा नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मूळ फिल्मच झिजलेली असेल, तर महाग तबकडी त्या झिजेचेच दर्शन अधिक स्पष्ट घडवील. ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी त्यांचा वाचलेला भाग हाताने दुरुस्त केला, आणि २०१५ मध्ये तो चित्रपट पुन्हा लखलखीतपणे लोकांसमोर आला. अशी मेहनत आधी व्हावी लागते, तबकडी त्यानंतरची.

तेव्हा फरक दिसतो का? मूळ चित्र चांगले असेल, पाहणारा जवळ बसला असेल, आणि बारकाव्यांशी त्याचे काही काम असेल, तर दिसतो. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर किंवा पंधरा फुटांवरच्या सोफ्यावरून दिसत नसेल, तर तेही खोटे नव्हे. मात्र साध्या माणसाला साधेच पुरे, त्याला बारीक काय कळणार, हे म्हणणे मला मान्य नाही. आमच्या गावात निम्मी माणसे बारीक पाहूनच पोट भरतात. त्यांच्यापुढे चांगले चित्र ठेवले कोणी होते कधी, एवढेच आधी विचारावे.