आतड्याची शिवण

स्टेपलर म्हटलं की आपल्याला असाइनमेंटचे कागद आठवतात. पप्पांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली गाठ काढून दोन टोकं स्टेपलरने जोडायची असं गेल्या वर्षी ठरलं, तेव्हा मलाही तेच आठवलं. सगळ्यात जास्त शंका मात्र पप्पांनाच. कॅम्पात त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. "हाताने टाके घाला ना डॉक्टर, मशीनची टीप सुटली की सरसर उसवते," ते म्हणाले.

सर्जन हसले नाहीत. त्यांनी कागदावर इंग्रजी 'बी' काढला. टायटॅनियमची बारीक पिन आतड्यातून आरपार जाते आणि या आकारात वळते. पिनांच्या ओळी एकीआड एक असतात, विटांच्या भिंतीसारख्या. 'बी'च्या पोकळीतून रक्त कडेपर्यंत पोचतं. रक्त पोचलं तरच जोड भरून येतो. पिन फक्त तोवर धरून ठेवते.

मी घरी येऊन वाचत बसले. ही कल्पना बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्टल यांची, 1908 मधली. त्यांचं यंत्र साडेतीन किलोच्या वर वजनाचं होतं आणि जुळवायलाच दोन तास लागत. पण दुहेरी ओळ आणि 'बी' आकार तेव्हापासूनचा. पुढे यंत्र हलकं झालं, खरा प्रश्न मात्र राहिलाच: सगळ्यांचं आतडं सारख्या जाडीचं नसतं.

हे पप्पांना लगेच पटलं. "मलमलीला अकरा नंबरची सुई, जीन्सला अठरा." इथेही तसंच. सरळ रेषेत जोडणाऱ्या स्टेपलरच्या पिना उंचीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या काडतुसांत येतात. पिन उंच पडली तर जोड सैल राहतो, रक्त येतं, गळती होऊ शकते. बुटकी पडली तर ऊती चेंगरते आणि रक्तपुरवठाच तुटतो. शिवाय ऊतीत पाणी असतं. म्हणून जबडा मिटल्यावर लगेच पिना मारायच्या नाहीत. काही सेकंद दाबून धरायचं, पाणी बाजूला सरू द्यायचं.

मग तपासणी. गोल स्टेपलर आतड्याच्या दोन चकत्या कापून बाहेर आणतो. त्या अखंड आहेत ना, ते बघतात. पोटात सलाइन भरून आतून हवा सोडतात. बुडबुडे आले तर जोड गळतोय. इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याखाली कडेला रक्त पोचतंय का, तेही बघता येतं.

एवढं करूनही चुकतं. अमेरिकेच्या एफडीएकडे 2011 ते मार्च 2018 या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलर आणि पिनांबद्दल 41,000 हून जास्त तक्रारी पोचल्या, त्यांत 366 मृत्यूंच्या. प्रत्येक मृत्यू यंत्रामुळेच झाला, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण 2021 मध्ये एफडीएने ही यंत्रं कमी धोक्याच्या पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात टाकली आणि चाचण्यांचे, लेबलांचे नियम कडक केले. नोंदी झाल्या म्हणूनच हे घडलं.

ऑपरेशननंतरचा आठवडा आम्ही ताप आणि नाडीचे आकडे मोजत काढला. पप्पांना डायबेटिस आहे, म्हणून भीती जास्तच. चौथ्या दिवशी ताप चढला, मम्मी रात्रभर खुर्चीतून उठली नाही. सीटी स्कॅन झाला. गळती नव्हती.

या सगळ्यात मला एक गोष्ट पक्की कळली. भरवशाचं काम म्हणजे हातचलाखी नव्हे. जाडी ओळखणं, थोडं थांबणं, स्वतःच्याच कामावर संशय घेऊन बुडबुडे शोधणं आणि बिघडलं तर लिहून ठेवणं, एवढंच ते असतं. आपल्या घरात डॉक्टरांना प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो. पण "जोड कसा तपासणार?" हे पप्पांनी सरळ विचारलं, आणि उत्तर ऐकूनच त्यांनी फॉर्मवर सही केली. तुमच्या घरी अशी वेळ आली तर तुम्हीही विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.