घारापुरीला जाल तर स्तूपापर्यंत जा

मुंबईजवळच्या घारापुरी बेटाची सहल कोल्हापूरच्या कष्टकरी कुटुंबाला परवडते. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसावे, सकाळी मुंबईला उतरावे आणि चालत गेटवे गाठावे. दुसऱ्या रात्री तीच गाडी परत. लॉजचे भाडे वाचते. सोमवारी लेणी बंद असतात.

लाँच तासाभरात पोचवते. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या बोटीच्या धडकेने याच मार्गावरची प्रवासी बोट बुडाली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. म्हणून लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांना आधी घाला.

धक्क्यापासून वर सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने आणि माकडे. भाकरीची पिशवी पोटाशी धरलेली बरी. तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना माफ. मोठे लेणे शैव आहे. तिथली वीस फुटांच्या आसपासची त्रिमुखी मूर्ती पाहून दगड फोडणाऱ्या त्या अनाम हातांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत.

बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. आम्ही पूर्वेकडच्या टेकडीची वाट विचारली, तेव्हा "वर काही नाही, मातीचा ढिगारा आहे," असे उत्तर मिळाले. तो ढिगारा म्हणजे विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप! अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा सांगतात, म्हणजे मोठ्या लेण्याहून कितीतरी शतके आधीचा. वर गर्दी नाही, फोटोवाले नाहीत. झाडी, विटा आणि खाली समुद्र. मुलांना हे दाखवायचे नाही, तर मग काय दाखवायचे?

या बेटावर रोमन व्यापाराच्या दोन कानांच्या मातीच्या सुरयांचे तुकडेही मिळाले आहेत. आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत १९४० च्या दशकात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती निघाली. भूमध्य समुद्रापलीकडचा माल अशाच कोकणच्या बंदरांतून घाटावर चढत असे. ती मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयाची आहे. सहलीआधी मुलांना तिची गोष्ट जरूर सांगावी.

एवढे प्रसिद्ध बेट, पण समुद्राखालच्या केबलने तिथल्या गावांत कायमची वीज आली ती २०१८ साली! तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर.

परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून ठेवा. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.