दादा, गाडीचं नंतर बघू

दादा,

परवा फोनवर किती खुशीत सांगत होतास! "दहावीला पंच्याहत्तर टक्के पाड म्हटलंय, निकालाच्या दिवशी गाडी दारात उभी करतो." तुझा लेक शेजारीच होता ना? त्याचा हुंकारसुद्धा ऐकू आला नाही मला.

सहामाहीत गणितात 28 आहेत त्याला. पस्तीस गाठायची मारामार, आणि तू पंच्याहत्तर टक्क्यांचं बोलतोस. शिवाय सोळाव्या वर्षी गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळत नाही, हे तुला मी सांगायचं?

रागावू नकोस. तुला दहावीनंतर शाळा सोडावी लागली, म्हणून माझी फी भरता आली, हे मी विसरलेले नाही. पोरगं तरी शिकावं म्हणून तुझा जीव तुटतो. आणि बक्षीस लावूच नये असंही मी म्हणत नाही. नववी-दहावीला गणित शिकवते मी. कच्च्या मुलांना बसतं करायला काहीतरी आमिष लागतं. पण ते कशावर लावायचं, यावर सगळं आहे रे.

अमेरिकेत रोलंड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आणि 2011 साली निष्कर्ष छापले. शिकागोत नववीच्या मुलांना श्रेणीप्रमाणे पैसे, 'ए' मिळाली की 50 डॉलर. न्यूयॉर्कमध्ये चौथी आणि सातवीच्या मुलांना चाचणीतल्या गुणांवर पैसे. डॅलसमध्ये दुसरीतल्या चिमुरड्यांना एक पुस्तक वाचून त्यावरचे प्रश्न सोडवले की 2 डॉलर. शिकागोत आणि न्यूयॉर्कमध्ये एवढे पैसे वाटूनही चाचणीतले गुण हलले नाहीत. डॅलसमध्ये इंग्रजीतून चाचणी देणाऱ्या पोरांना मात्र वाचलेलं जास्त समजू लागलं. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं, जास्त पैसे मिळवायला काय कराल? प्रश्न नीट वाचू, म्हणाली. घरी जास्त अभ्यास करू, बाईंना अडलेलं विचारू, हे त्यांना सुचतच नव्हतं. पैसे हवे होते रे त्यांना. वाट ठाऊक नव्हती.

तुझ्या लेकाचं वेगळं काय आहे? वर्गसमीकरणं येत नाहीत असं तू म्हणतोस, पण त्याचं घोडं अडलंय पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांत. पाऊणातून दोन तृतीयांश वजा कर म्हटलं की तो वहीवर हात ठेवतो, पाहिलंयस कधी? तिथं गाडी काय करणार? एखाद्या रात्री तो मनातल्या मनात हिशेब मांडेल, पंच्याहत्तर काही होत नाहीत. त्या रात्री गाडी गेली, आणि तिच्यामागं अभ्यासही गेला.

आपल्या शाळेतला हजेरीचा रुपया आठवतो? 1992 पासून सरकार गरीब घरांतल्या, चौथीपर्यंतच्या मुलींना रोजच्या हजेरीमागे एक रुपया द्यायचं. लोक हसायचे त्या रुपयाला. मला तो फार शहाणा वाटतो. पहिला नंबर आण, असं तो म्हणत नव्हता. आज ये, एवढंच म्हणत होता. आजच्या आज जमण्यासारखं.

आणि तू? मी गणितांना बसले की विळीवर पेरू चिरून तिखटमीठ लावून ठेवायचास. किती बरोबर आली ते कधी विचारलं नाहीस. सगळी सोडवलीस का, एवढंच. हे तुला येतं, दादा. मग पोराच्या वेळी गाडी कुठून आली मध्ये?

रविवारी मी येते. अपूर्णांकांपासून सुरुवात करू. तोवर त्याला एवढंच सांग, रोज पाच गणितं सोडवायची आणि वहीचा फोटो आत्याला पाठवायचा. चुकली तरी चालतील, कोरं पान चालणार नाही. फोटो आला की त्याच संध्याकाळी तासभर क्रिकेटला सोड. वहिनी नको म्हणाली तरी सोड. ठरलेलं त्याच दिवशी मिळालं पाहिजे. आणि जेवताना शेजारच्या पोरीचे टक्के काढू नकोस, तेवढ्यानं त्याचा घास अडतो.

शोरूमला अजून पैसे भरले नसतील तर भरू नकोस.

तुझी,
धाकटी