शिजते की नुसते तापते? मायक्रोवेव्हवरचा एक जुना आरोप

१/ मायक्रोवेव्हमधून काढलेल्या बटाट्याकडे घरातील वडीलधारी मंडळी अजूनही संशयाने पाहतात. जाळ नाही, रटरट नाही, भांड्याच्या बुडाला काही लागलेले नाही. मग हा बटाटा शिजला असे कसे म्हणावे? ‘त्यात नुसते गरम होते, शिजत नाही’ हा निकाल अनेक घरांत लागलेला असतो. हा संशय जवळजवळ यंत्राइतकाच जुना आहे आणि तो पूर्णपणे निराधारही नाही.

२/ यंत्राचे मूळ स्वयंपाकघरात नसून युद्धात आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. आखूड लांबीच्या शक्तिशाली रेडिओलहरी निर्माण करणारी ही नळी रडारसाठी हवी होती. त्याच वर्षी टिझर्ड शिष्टमंडळाने ती अमेरिकेत नेली.

३/ तेथे रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर होता. १८९४ साली मेन राज्यातील हाउलंड या खेडेवजा गावी त्याचा जन्म झाला. पितृछत्र बालपणीच हरपले, शाळा अर्धवट सुटली, कोवळ्या वयात गिरणीत काम करावे लागले. पुढे नौदलात असताना त्याने पुस्तके मिळवून स्वतःच रेडिओविद्या आत्मसात केली. मॅग्नेट्रॉन झपाट्याने आणि मोठ्या संख्येने कसे बनवावेत, हे कोडे सोडवणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

४/ १९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातील गोड वडी वितळली, असे सांगतात. त्याने मक्याचे दाणे मागवले. ते फुटून लाह्या झाल्या. मग अंड्याची पाळी आली. ते फुटून एका सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील कसाही असो, वितळलेल्या वडीवरून फक्त उष्णता सिद्ध होते. शिजण्याची खरी कसोटी अंड्यानेच लागते.

५/ ८ ऑक्टोबर १९४५ रोजी स्पेन्सरने पेटंटसाठी अर्ज केला; ते २४ जानेवारी १९५० रोजी मंजूर झाले. शीर्षकाचा अर्थ ‘अन्नपदार्थांवर प्रक्रिया करण्याची पद्धत’ असा होतो. शिजवणे आणि तापवणे, या दोहोंपैकी एकही शब्द त्या शीर्षकात नाही.

६/ १९४७ मध्ये ‘रडारेंज’ बाजारात आला. माणसाएवढा उंच, सुमारे ३४० किलो वजनाचा आणि पाणी खेळवून थंड ठेवावा लागणारा. कंपनीच्या अध्यक्षांनी तो घरी बसवून घेतला, पण मांसाला तांबूस रंग चढेना, बटाट्याचे काप पांढरे आणि मऊ पडू लागले. अखेर स्वयंपाक्याने नोकरीच सोडली, अशी कथा सांगितली जाते. घरगुती ओट्यावर मावणारे, ४९५ डॉलर किमतीचे यंत्र यायला १९६७ साल उजाडले.

७/ त्या स्वयंपाक्याची तक्रार खरी होती; तिचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. शिजणे म्हणजे पदार्थाच्या घडणीत परत न फिरणारा बदल. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात अंड्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंततात आणि पांढरा भाग घट्ट होतो. त्याच सुमारास बटाट्यातील पिष्टकण पाणी शोषून फुगतात. ही उष्णता लाकडातून आली की लहरींतून, याचा त्या कणांना पत्ता नसतो.

८/ घरगुती मायक्रोवेव्हमधील विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करते. पाण्याचे रेणू त्याच्याबरोबर वळू पाहतात, शेजाऱ्यांशी धडकतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. लहरी काही सेंटीमीटर आतपर्यंतच पोचतात. ‘आतून बाहेर शिजते’ ही समजूत चुकीची आहे. पुढचा भाग उष्णता आतवर सरकून शिजतो.

९/ मग तांबूस रंग का येत नाही? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली अमिनो आम्ले आणि शर्करा यांची अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने होते. ओला पदार्थ पाणी आटेपर्यंत १०० अंशांच्या आसपासच अडकतो. शिवाय भट्टीत असते तशी तापलेली हवा येथे भोवती नसते. पापडात पाणी अत्यल्प, म्हणून तो येथेही फुलतो, क्वचित करपतोही.

१०/ मराठी स्वयंपाकघराने हा भेद केव्हाच ओळखला आहे. शिजवणे, उकडणे, भाजणे, परतणे, तळणे ही क्रियापदे येथे वेगळी आहेत. उकडीचा मोदक पांढराशुभ्रच उतरतो. त्याला कोणी कच्चा म्हणत नाही. मायक्रोवेव्हमध्ये वांगे खरोखर शिजते, पण भरिताला लागतो तो निखाऱ्याचा वास त्याला येत नाही, कारण ते भाजले गेलेले नसते. आरोप ‘शिजत नाही’ असा केला जातो. पुरावा मात्र ‘भाजत नाही’ याचा असतो.

११/ आणि हे यंत्र चुलीची दुबळी नक्कलही नव्हे. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती यांनी त्याच्या साहाय्याने बाहेरून गोठलेला आणि आतून गरम असा गोड पदार्थ करून दाखवला. बर्फातील जखडलेले रेणू या लहरी फारशा शोषत नाहीत, आतील द्रव मात्र शोषतो. कोणत्याही जाळावर हे साधणार नाही.

१२/ याच गुणात धोकाही आहे. लहरी सर्वत्र सारख्या पडत नाहीत. काही जागी पदार्थ उकळतो, तर शेजारी थंड राहतो. शितावरून भाताची परीक्षा हा न्याय उकळत्या आधणाला लागू पडतो, कारण तेथे प्रत्येक शिताला सारखीच उष्णता मिळते. मायक्रोवेव्हमधील ताटलीत तो लागू पडत नाही. कडेचे शीत जीभ पोळते, मधले गारच असते, आणि शिळ्या अन्नातील जिवाणू त्या गार भागात जगतात. म्हणून मध्येच ढवळायचे, झाकून ठेवायचे, बाहेर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटे तसेच राहू द्यायचे. कोंबडीचे मांस सर्व भागांत ७४ अंशांपर्यंत पोचले, तरच ते निर्धोक.

१३/ तेव्हा घरातील त्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा प्रश्न मोडीत काढण्याजोगा नाही. तो यंत्राऐवजी ताटलीला विचारायला हवा. बटाट्याच्या मध्यभागी सुरी खुपसावी. ती अडखळली तर बटाटा नुसता तापला आहे, सहज शिरली तर शिजला आहे. चुलीवरच्या बटाट्याचीही परीक्षा अशीच होत आली आहे.