वेगळं झाल्याची तारीख

लग्न नेमकं कधी मोडलं, हे सांगता येतं का? बोलणं कधी कमी झालं, जेवणाच्या वेळा कधी वेगळ्या झाल्या, याची नोंद कोणी ठेवत नाही. जर्मनीत मात्र या प्रश्नाला दिवस, महिना, वर्ष असं उत्तर द्यावं लागतं. माझ्यासारखीचं इथलं राहणं त्या उत्तरावर ठरतं.

मी जर्मन माणसाशी लग्न करून इथे आले. निवासाचं जे प्लास्टिकचं कार्ड मिळतं, त्यावर कायद्याचं कलम छापलेलं असतं. माझ्या कार्डावर होतं 28, म्हणजे जर्मन नागरिकाचं कुटुंब. मी नोकरी करत होते, टॅक्स भरत होते, भाषा शिकले होते. पण कार्डाच्या हिशेबी मी इथे होते ती कुणाची तरी बायको म्हणून.

नातं संपलं तर काय, ते कलम 31 सांगतं. नवरा-बायको म्हणून जर्मनीत किमान तीन वर्षं एकत्र काढली असतील, तर स्वतःच्या हक्काचा एक वर्षाचा परवाना मिळतो. त्या वर्षात सरकारी भत्ता घ्यावा लागला तरी चालतं. पुढे मात्र सहसा स्वतःच्या कमाईवर उभं असावं लागतं. 2011 पर्यंत ही अट दोन वर्षांची होती. कागदोपत्री लग्नांना आळा बसावा म्हणून ती तीनवर नेली.

यातली मेख अशी की मोजणी घटस्फोटापर्यंत चालत नाही. ती वेगळं झाल्याच्या दिवशी थांबते. घटस्फोटाआधी साधारण वर्षभर वेगळं राहावं लागतं, ते वर्ष यात धरत नाहीत.

मी घर सोडलं तेव्हा दोन वर्षं दहा महिने झाले होते.

"दोनच महिने गं, वेगळ्या खोलीत झोप आणि काढ कसेतरी," मैत्रीण म्हणाली. पण एकाच छताखाली वेगळं राहणं, हेही कायद्याने वेगळं होणंच. म्हणजे आम्ही एकत्र आहोत असं खोटं सांगावं लागलं असतं, आणि त्यात त्याची साथ लागली असती. माझं इथलं राहणं त्याच्या मर्जीवर टांगून ठेवायचं नव्हतं, म्हणून तर मी निघाले होते.

सल्ला केंद्रातल्या बाईंनी हळूच विचारलं, "त्याने कधी हात उचलला का?" घरगुती हिंसा असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते. मी नाही म्हटलं. आयुष्यातली एक चांगली गोष्ट सांगताना आपली बाजू लंगडी पडतेय, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आई फोनवर म्हणाली, "ये ना बाळा परत. इथे कुणी कार्ड विचारत नाही." तिचं खरं होतं. पण मला परतायचं असेल तर ते माझ्या ठरवण्याने, मुदत संपली म्हणून नव्हे.

शेवटी मला वाचवलं ते पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या पदवीने. ती जर्मनीच्या 'आनाबिन' डेटाबेसमध्ये मान्य निघाली, कंपनीने पत्र दिलं, आणि मी कुशल कामगारांच्या कलमाखाली अर्ज केला. निकाल लागेपर्यंत एक तात्पुरता कागद मिळतो, त्याच्या जर्मन नावात 'फिक्त्सिओन' म्हणजे कल्पित हा शब्द आहे. जुना परवाना चालू आहे असं मानून चालायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी ते महिने तसेच काढले, मानून चालत.

आता कार्डावर 18ब आहे. आता मालक बदलायचा झाला तरी कागद बघावे लागतात, हे मला ठाऊक आहे. पण जर्मनच्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईकडे पदवी नव्हती. तिचं लग्न माझ्याइतकंच जुनं होतं. ती अजून महिने मोजते आहे. मोजून झाल्यावर काय करणार, हे मी तिला विचारलेलं नाही, आणि तिनेही सांगितलेलं नाही.