वेंबनाडचे चिमुकले पाहुणे

केरळला जाऊन आलेल्या माणसाला घरची मंडळी विचारतात ते होडीतल्या सफरीविषयी आणि करीमीनविषयी. केळीच्या पानात मसाला लावून भाजला जाणारा हा मासा २०१० साली केरळचा राज्यमासा ठरला. गोव्यात त्यालाच काळुंदर म्हणतात. मी मात्र वेंबनाडच्या काठी गेलो तो त्याच्या धाकट्या भावासाठी, पळ्ळत्तीसाठी! जेमतेम चार बोटांचा हा मासा. ताटात त्याला फारसा मान नाही. पण मासे पाळण्याचा छंद ज्याला जडला आहे त्याला तो वेड लावतो.

मुहम्माहून कुमरकोमला सरकारी बोट जाते. मधोमध पोहोचलो की दोन्ही काठांच्या नुसत्या हिरव्या रेघा उरतात. दुसऱ्या दिवशी मात्र मी छोटी होडी ठरवली. वल्हवणारे म्हातारे कोळी होते. सारा गाव त्यांना 'चेट्टन', म्हणजे दादा, म्हणे. त्यांचे मोडके हिंदी आणि माझ्या हातवाऱ्यांचे मल्याळम यांवर आमचे छान निभावले.

पहिल्याच जाळ्यात दोघे भाऊ एकदम आले. चेट्टननी ओळख पटवून दिली. अंगावर आडवे काळे पट्टे आणि मोत्यांसारखे ठिपके, तो करीमीन. पिवळसर अंग, त्यावर सोनेरी टिपक्यांच्या रांगा आणि कुशीवर मधोमध काळा डाग, ती पळ्ळत्ती. दुकानातली पळ्ळत्ती भडक नारिंगी असते. ती माणसाने निवडून वाढवलेली जात. या भावांचे नातेही मजेदार! धाकटा मोठ्याच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला स्वच्छ करतो आणि संधी मिळताच त्याचीच अंडी फस्त करतो.

पुढच्या जाळ्यात पळ्ळत्तीची एक देखणी जोडी आली. मी डबा पुढे केला. चेट्टननी मान हलवली आणि काठाच्या मुळांपाशी बोट दाखवले. तिथे मोहरीएवढ्या पिल्लांचा ढग तरंगत होता. आईबाप नेले तर तासाभरात ती दुसऱ्यांच्या पोटात! जोडी पाण्यात परत गेली. मला मिळाली ती सहा अर्धवट वाढलेली पोरे. यात नर कोण, मादी कोण, हे नुसते पाहून कळत नाही. सहा एकत्र वाढवावी आणि त्यांचे लग्न त्यांनाच जमवू द्यावे, हेच उत्तम.

परतताना चेट्टननी तण्णीरमुक्कमचा बांध दाखवला. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली. तिला खारे पाणी लागू नये म्हणून हा बांध १९७० च्या दशकात झाला. दारे बंद झाली की शेतकरी निश्चिंत होतो. पण खाऱ्या-गोड्याच्या मिश्रणावर जगणाऱ्या माशांची आणि त्यांवर पोट असणाऱ्यांची पंचाईत होते. दोघांचीही बाजू खरी, म्हणूनच भांडण अवघड.

नेत्रावती एक्सप्रेसने सहाही पाहुणे मुंबईस सुखरूप पोहोचले. तीन फुटी पेटी, सपाट दगड, एक मातीचे मडके आणि पाण्यात थोडे समुद्री मीठ, एवढा संसार मांडून दिला. कोरडे खाणे त्यांनी आठवडाभर हुंगलेही नाही. गांडुळाचे तुकडे मात्र आवडीने खाल्ले. आठ महिन्यांनी दोघांनी मडके बळकावले, तेव्हा उरलेल्या चौघांना दुसरे घर दिले. मडक्याच्या आत बारीक देठांनी चिकटवलेली दोनेकशे अंडी! आई आणि बाप पाळीपाळीने परांनी वारा घालीत. पाचव्या दिवशी अंडी फुटली; आठवडाभराने पिल्ले पोहू लागली आणि थेट आईबापांच्या कुशीला झोंबू लागली. त्यांच्या अंगावर सुटणारा चिकट स्राव हेच पिल्लांचे दूध! आमच्या चाळीतली पोरे शाळा सुटली की दप्तरासकट पेटीपुढे बसत.

आता त्यांतली काही पिल्ले मी छंदी मित्रांना देतो. तेवढेच वेंबनाडमधून कमी नेले जातील. माझ्या पेटीत मीठ घालायला चमचा पुरतो. वेंबनाडचे मीठ मात्र समुद्राकडूनच यायचे, आणि त्यासाठी बांधाची दारे वेळेवर उघडायला हवीत.